रोपण केलेले मूत्रपिंड आणि त्याची अरुंद होणारी धमनी



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर वैद्याने उभे राहावे, ही गोष्ट थोडी विजोडच. येथे संतवाङ्मयावर बोलावे, इतिहासावर बोलावे, फार तर देशाच्या अर्थकारणावर बोलावे, असा आपला रिवाज. दिवसभर घामाने भिजलेली मंडळी संध्याकाळी कुंडलिकेवरून येणारा वारा अंगावर घेत येथे बसतात, ती काही आपल्या पोटातील नळ्यांचे वर्णन ऐकावयास नव्हे. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही तो सांगितला, आणि त्यांचा चेहरा पाहून आम्हांसच त्यांची दया आली. तथापि विषय बदलला नाही, त्यास कारण आहे.

आम्ही अष्टमीत दवाखाना घातला त्या काळी मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे माणूस गेला, असेच समजत. आज आमच्या दवाखान्यात असे चार-पाच जण नेमाने येतात, की ज्यांच्या अंगात दुसऱ्याचे मूत्रपिंड काम करीत आहे. कोणास आईने दिले, कोणास बायकोने. शस्त्रक्रिया मुंबईत होते, पहिले काही महिने तेथील वैद्यांकडे खेपा होतात; पुढे खेपा विरळ होतात, आणि मग रक्तदाब मोजणे, गोळ्या लिहून देणे, ताप आला तर पाहणे हे सारे आमच्यासारख्या गावच्या डॉक्टरांकडे येते. म्हणजे मुंबईत घडविलेली ही नाजूक वस्तू सांभाळावयाची कोणी, तर आपण. आणि ती सांभाळताना आमच्या हातून एक चूक झाली. तीच आज सांगावयाची आहे.

गृहस्थ अडतीस वर्षांचे, कारखान्यात नोकरीस. त्यांच्या आईने, वय वर्षे साठ, आपले डावे मूत्रपिंड त्यांस दिले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. वर्षभर रक्तदाब एका गोळीवर ताब्यात होता आणि क्रिएटिनिन १.२ च्या पुढे गेले नव्हते. चौदाव्या महिन्यात दाब वाढला. आम्ही मीठ कमी करावयास सांगितले. पुढच्या खेपेस तो आणखी वाढलेला. आम्ही दुसरी गोळी दिली. मग तिसरी. घरी लग्नकार्य होते, जागरणे झाली होती, सुक्या मासळीचा मोसम होता. कारणे शोधावयास गेले म्हणजे कारणांना तोटा नसतो. तिसऱ्या महिन्यात आम्ही टेल्मिसार्टन नावाची गोळी जोडली. ती चांगली गोळी आहे, हजारो लोक घेतात. दहा दिवसांनी रक्त तपासले तो क्रिएटिनिन २.७. आणि त्याच आठवड्यात एका रात्री त्यांस धाप लागली, आडवे होता येईना, म्हणून रिक्षात घालून आमच्या दारी आणले.

त्या रात्री काय झाले होते हे समजण्यासाठी मूत्रपिंडाचा स्वभाव जाणला पाहिजे.

आपले हृदय मिनिटास सुमारे पाच लिटर रक्त फेकते. त्यांतील एक पंचमांश, म्हणजे लिटरभर, एकटी दोन मूत्रपिंडे घेतात. मुठीएवढ्या अवयवांनी एवढा वाटा घ्यावा, असा मान दुसऱ्या कोणास क्वचितच मिळतो. हे रक्त ज्या धमनीतून येते ती जेमतेम पाच-सहा मिलिमीटर रुंदीची. आता असे समजा की, ही वाट कोठेतरी अरुंद झाली. थोडी अरुंद झाली तर काही बिघडत नाही. निम्मी झाली तरी बहुधा निभते. परंतु दोन तृतीयांश बुजली की पलीकडचा दाब झपाट्याने पडतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर तिच्यातून जाणारा प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो, असा पदार्थविज्ञानाचा हिशेब आहे. शरीर सर्वस्वी त्या हिशेबाने चालत नाही, पण दिशा तीच.

आपण कालव्याच्या मुलखातील माणसे आहोत. मुळशीचे पाणी डोंगर उतरून भिऱ्यास येते, वीज करते, आणि कुंडलिकेत सोडले जाते. डोलवहाळच्या बंधाऱ्यावर ते अडवून कालव्यांनी आपल्या भातशेतीस मिळते. (ज्या मावळच्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्या धरणाखाली गेल्या आणि ज्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला, त्यांची आठवण येथे उन्हाळी भात पिकविणाऱ्याने ठेवावी, पण तो आजचा विषय नव्हे.) कालव्याच्या शेवटास एक शेतकरी आहे. त्याच्या पाटाच्या तोंडाशी गाळ साचला आहे. त्यास वाटते, वरूनच पाणी कमी सुटते. तो ओरडतो, अर्ज करतो, दरवाजे उघडा म्हणतो. दरवाजे उघडतात, कालवा तुडुंब भरतो, इतरांच्या बांधांवरून पाणी वाहू लागते, आणि याच्या शेतात मात्र धारच. मूत्रपिंड हा असा शेतकरी आहे. आपल्यापुढचा दाब पडला की ते रेनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडते. त्यापासून पुढे अशी द्रव्ये तयार होतात की, साऱ्या देहातील रक्तवाहिन्या आवळतात आणि मीठ व पाणी अंगात साठू लागते. सगळ्या शरीराचा रक्तदाब चढतो. दोष एका पाटाच्या तोंडाशी, पूर सगळ्या गावात.

हे १९३४ साली हॅरी गोल्डब्लाट या शास्त्रज्ञाने अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमन्यांना चांदीचे चिमटे लावून सिद्ध केले. तोवर रक्तदाबाच्या विकारात मूत्रपिंड दोषी की बळी, याविषयी वाद होता. ज्याची दोन मूत्रपिंडे शाबूत आहेत, त्याच्या एका बाजूस चिमटा बसला तर दुसरे मूत्रपिंड जादा मीठपाणी बाहेर टाकून काही काळ तरी तोल सावरते. रोपण झालेल्या माणसापाशी कामाचे मूत्रपिंड एकच. सावरणारा दुसरा भाऊ नाही. म्हणून त्याच्या अंगात पाणी साठते, पाय सुजतात, आणि एखाद्या रात्री ते फुप्फुसात चढते. आमच्या दारी रिक्षा आली ती याच कारणाने.

आणि गोळीचे काय? अरुंद वाटेमागे बसलेले मूत्रपिंड आपल्या आतल्या बारीक वाहिन्या आवळून कसाबसा गाळण्यापुरता दाब राखीत असते. टेल्मिसार्टन, रामिप्रिल या जातीच्या गोळ्या नेमकी ती आवळ सैल करतात. मूत्रपिंडाने धरलेला शेवटचा आधार आम्ही काढून घेतला होता. अशा रोग्यांत या जातीच्या औषधाने मूत्रपिंड मंदावते, हे वैद्यकाच्या नियतकालिकांत १९८३ सालीच छापून आले आहे. आम्ही ते वाचलेही होते. वाचलेले आणि वेळेवर आठवलेले यांत फार अंतर असते.

सकाळी आम्ही त्यांच्या पोटाच्या खालच्या उजव्या भागावर नळी लावली. येथे सांगावयास हवे की, रोपण केलेले मूत्रपिंड पाठीत बसवीत नाहीत. आपली जुनी मूत्रपिंडे बहुधा जागच्या जागी राहतात, आणि नवे हे पुढून, जांघेच्या वर, कमरेच्या हाडाच्या खोबणीत बसवितात. त्याची धमनी पायाकडे जाणाऱ्या धमनीला जोडतात. त्यामुळे तळहाताखाली ते लागते. नळीत आवाज आला: हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर फूसकन वारा सुटावा तसा. असा आवाज असला म्हणजे रोग आहेच असे नव्हे, नसला म्हणजे नाहीच असेही नव्हे. पण तीन महिन्यांत आम्ही एकदाही ती नळी तेथे लावली नव्हती. दंडाला पट्टा बांधीत होतो आणि कागदावर गोळी वाढवीत होतो.

ही वाट अरुंद का होते, याचा विचार आता करू.

धमनीला धमनी जोडण्याची विद्या तशी जुनी नाही. १८९४ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो यांना लियाँ शहरात भोसकले गेले. पोटातील मोठी शीर तुटली, आणि ती शिवता येत नाही म्हणून ते गेले. त्याच शहरातील अलेक्सी कारेल या तरुण वैद्याच्या मनाने ते घेतले. लियाँ हे रेशमाचे शहर. तेथील एका कशिदा काढणाऱ्या बाईकडून त्याने बारीक सुई आणि तलम धागा हाताळण्याचे धडे घेतले, असे सांगतात. गोल तोंडाला तीन टाके घालून ताणले की त्याचा त्रिकोण होतो, आणि सरळ कडा शिवणे सोपे जाते, ही त्याची युक्ती. १९१२ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्यांची मूत्रपिंडे त्याने बसविली, ती चालली, आणि परक्याची होती म्हणून थोड्याच दिवसांत बंद पडली. शिवण टिकली, नाते टिकले नाही. पुढे २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसविले. एकाच पेशीचे दोघे, म्हणून शरीराने ते परके मानले नाही. आपल्याकडे १९६५ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात मृत व्यक्तीचे मूत्रपिंड बसविण्याचा पहिला प्रयत्न झाला, आणि जिवंत दात्याचे मूत्रपिंड बसविण्यात १९७१ साली वेल्लोर येथे यश आले. १९९४ च्या कायद्याने अवयवांची विक्री गुन्हा ठरविली. तो कायदा प्रथम स्वीकारणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता.

सांगावयाचे ते असे की, ही सारी इमारत एका टाक्याच्या रेषेवर उभी आहे, आणि पहिले कारण तेथेच. टाके ओढून बसले, धमनीला धरण्याचा चिमटा जरा जोरात लागला, दात्याच्या शरीरातून काढताना किंवा थंड द्रावणाने धुताना आतला नाजूक पापुद्रा खरचटला, तर तेथे व्रण भरताना जाड होतो. अशी निरुंदी बहुधा लवकर, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दिसते. मृत दात्याचे मूत्रपिंड असेल तर त्याच्या धमनीबरोबर महाधमनीचा छोटा तुकडाही थाळीच्या काठासारखा काढून घेता येतो, आणि जोड रुंद होतो. त्या तुकड्यास कारेलचेच नाव आहे. जिवंत आईच्या महाधमनीचा तुकडा कोण कापणार? तेथे नुसत्या धमनीच्या तोंडावरच जोडावे लागते.

दुसरे कारण वळण. उजव्या मूत्रपिंडाची धमनी लांब असते आणि शीर आखूड. आखूड शिरेच्या सोयीने मूत्रपिंड बसविले की लांब धमनीला बाक येतो. बागेतील रबरी नळी मुरडते तशी ती मुरडू शकते. डावे घेण्याकडे शल्यवैद्यांचा कल असतो त्याचे एक कारण शिरेची ही लांबी होय. मूत्रपिंड लहान बालकाचे असेल, तर त्याच्या धमन्याच बारीक असल्यामुळे धोका अधिक.

तिसरे कारण असे की, त्यात वैद्याच्या हाताचा दोष नाही आणि रोग्याचाही नाही. मूत्रपिंड बर्फात फार वेळ राहिले, बसविल्यावर काही दिवस चालूच झाले नाही, शरीराने त्यास नकार देण्याचे झटके येऊन गेले, किंवा सायटोमेगालो नावाच्या विषाणूचा संसर्ग झाला, तर धमनीचे आतले अस्तर दुखावते आणि हळूहळू जाड होते. हा विषाणू आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात निपचित पडलेला असतो. रोपणानंतरच्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबली की तो डोके वर काढतो. एवढे खरे की, या कारणांचे वजन सर्व संशोधकांच्या तराजूत सारखे भरत नाही. कोणास विषाणूचा संबंध ठळक दिसला, कोणास दिसला नाही.

चौथे कारण आम्हां कोकणच्या लोकांना जवळचे. दात्याचे वय, घेणाऱ्याचे वय, मधुमेह, आणि तंबाखू. वयाबरोबर धमन्यांच्या भिंतीत मेद व चुना साचतो. कधी रोपण केलेली धमनी स्वच्छ असते आणि तिच्या वरची, रोग्याची स्वतःची, पायाकडे जाणारी धमनी अरुंद झालेली असते. पाटाचे तोंड साफ, पण कालव्याचाच गळा धरलेला. परिणाम तोच, आणि अशा माणसाचा त्या बाजूचा पाय चालताना दुखतो. विडी सोडली म्हणून सांगणारे आमचे कित्येक रोगी सकाळी मिश्री लावतात आणि तिला तंबाखूत धरीतच नाहीत. ती तंबाखूच आहे.

अशी निरुंदी किती जणांस होते, या प्रश्नाची उत्तरे शंभरांत एकापासून तेवीसपर्यंत छापलेली आहेत. तफावत रोगाची नाही, पाहण्याची आहे. रक्तदाब हाताबाहेर गेल्यावरच पाहिले तर थोडे सापडतात. प्रत्येकाची सोनोग्राफी केली तर पुष्कळ. बहुतेक तीन महिने ते दोन वर्षे या मुदतीत सापडतात, पण दहाव्या वर्षीही सापडू शकते.

आमच्या रोग्यास टेल्मिसार्टन बंद केल्यावर क्रिएटिनिन आठवड्यात १.८ वर आले; हाच एक पुरावा होता. रोह्याहून दिव्याची गाडी धरून ते आणि त्यांची आई मुंबईस गेली. तेथे डॉपलर सोनोग्राफी झाली. वाट अरुंद झाली की रक्ताचा वेग तेथे वाढतो, घाटातल्या पाण्यासारखा. सेकंदास दोन-अडीच मीटरच्या पुढे वेग गेला की संशय धरावा. मग धमनीत बारीक नळी घालून चित्र काढले. चित्रासाठी वापरावयाचे औषध मूत्रपिंडास बाधते, म्हणून ते अगदी थोडे वापरतात. काही ठिकाणी त्याऐवजी कार्बन डायऑक्साइड वायूही वापरतात. टाक्याच्या रेषेपासून किंचित पुढे निरुंदी दिसली. त्याच बैठकीत फुग्याने ती वाट रुंद करून जाळीची नळी बसविली. ही फुग्याची युक्ती अँड्रिआस ग्रुंटझिग या जर्मन वैद्याने झुरिच येथे प्रथम पायाच्या, १९७७ साली हृदयाच्या आणि १९७८ साली मूत्रपिंडाच्या धमनीवर वापरली. तिच्यापूर्वी पोट पुन्हा उघडावे लागे, आणि भोवताली चिकटलेल्या व्रणांतून वाट काढताना मूत्रपिंडच गमावण्याची भीती असे. फुगा निर्धोक आहे असे मात्र कोणी समजू नये. धमनी फाटू शकते, आणि रुंद केलेली वाट काही जणांत पुन्हा अरुंद होते. म्हणून सोनोग्राफीत थोडी निरुंदी दिसली, पण दाब ताब्यात आहे आणि क्रिएटिनिन स्थिर आहे, तर फुग्याची घाई न करता लक्ष ठेवणेच बरे.

मुंबईस जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांची आई एकटीच दवाखान्यात आली. बाकावर शेवटचा रोगी उठेपर्यंत बसून राहिली. मग म्हणाली, “डॉक्टर, एक विचारू? माझीच किडनी जुनी होती, म्हणून झालं का हे? सून द्यायला तयार होती. मीच हट्ट केला.”

धोक्याची कारणे पुस्तकात वाचताना दात्याचे वय ही एक ओळ असते. ती ओळ अशी समोर येऊन बसेल, असे आम्हांस वाटले नव्हते. दात्याचे वय हे कारणांत आहे, हे खोटे सांगता येईना. आम्ही म्हणालो, “काकी, वयाचा थोडा वाटा असू शकतो. पण तुमची सगळी तपासणी करून, धमनीची चित्रे काढून, मगच ती घेतली होती. किडनी चांगली आहे, म्हणून तर ती रक्त मागते आहे. तिच्या वाटेत अडचण आहे, आणि ती काढता येण्यासारखी आहे. ती तीन महिने आधी आमच्या ध्यानात यावयास हवी होती.” शेवटचे वाक्य ऐकून ती काहीच बोलली नाही. पिशवीतून फाइल काढून म्हणाली, “मुंबईला दाखवायला चिठ्ठी द्या.” आम्ही दिली, आणि तीत तीन महिन्यांचे आकडे जसेच्या तसे लिहिले.

आता फुग्यास दोन वर्षे होतील. ते गृहस्थ कामावर जातात. क्रिएटिनिन १.४ आहे, पहिल्या वर्षाएवढे नाही. गोळ्या दोन. ते ०.२ परत आले नाही, याचे कारण आमचे ते तीन महिने, की नुसता काळ, हे ठरविण्याचे साधन नाही. आम्ही आपल्या खात्यावर मांडून ठेवले आहे.

येथे बसलेल्यांत कोणाच्या घरी असा माणूस असेल, तर त्यांनी एवढे करावे. घरी रक्तदाबाचे यंत्र ठेवावे आणि आकडे वहीत लिहावे. ताब्यातला दाब अकारण चढू लागला, गोळ्यांमागून गोळ्या लागू लागल्या, पाय सुजले, रात्री धाप लागली, किंवा नवी गोळी सुरू केल्यावर लघवी कमी झाली, तर नुसती गोळी वाढवून घेऊ नये, “धमनीची सोनोग्राफी केली का?” असे विचारावे. डॉक्टरांस राग येईल ही भीती बाळगू नये. आम्हांस तीन महिन्यांत कोणी विचारले असते तर आम्ही रागावलो असतो, आणि सोनोग्राफीस पाठविले असते. दाबाची नवी गोळी सुरू केल्यावर आठ-दहा दिवसांत क्रिएटिनिन तपासावे. जुलाब-वांत्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांस विचारावे. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणू नये. आणि रोपणाच्या गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून आपल्या मनाने बंद करू नयेत, मग सांगणारा कितीही मोठा असो.

धमनी कोणत्या बाजूस, कशी जोडली आहे, एक की दोन धमन्या होत्या, याचा कागद शस्त्रक्रियेच्या फाइलीत असतो. त्याची एक प्रत गावच्या डॉक्टरांपाशी असावी. आमच्यापाशी या गृहस्थांची नव्हती. मागविली असती तर मिळाली असती. आता पाचही जणांच्या प्रती आमच्या कपाटात आहेत.

अध्यक्षमहाराजांनी दिलेली वेळ संपली आहे. प्रश्न विचारावयाचे असतील त्यांनी ते चिठ्ठीवर लिहून चिटणीसांकडे द्यावे. आणि ज्यांना चारचौघांत विचारणे अवघड वाटेल, त्यांच्यासाठी दवाखाना उद्या सकाळी नऊला उघडा आहे.